कडुनिंबाची फळी उभी कापताना नवी करवत अडकते. माळ्यावर आजोबांची जुनी सापडली आहे. नेमकी कोणती करवत घ्यावी?

पारोळेकर गुरुजी

नमस्कार मंडळी. मी पारोळ्याजवळ प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. सुतारकाम शिकलेलो नाही, पण आवड आहे.

आमच्या अंगणातला कडुनिंब दोन वर्षांपूर्वी वादळात पडला. आजोबांनी लावलेलं झाड होतं, जाळायला मन होईना. वखारीत नेऊन सव्वा इंची फळ्या काढून आणल्या आणि गोठ्यात मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या. दोन उन्हाळे गेले, लाकूड चांगलं वाळलंय. मुलगी तिसरीत आहे, जमिनीवर वाकून लिहिते, पाठ दुखते म्हणते. तिच्यासाठी याच लाकडाचं बैठं टेबल करायचं ठरवलंय.

अडचण अशी. ऑनलाइन एक करवत मागवली. १८ इंची, प्लास्टिकची मूठ, दातांची टोकं निळसर काळी. फळी आडवी कापली तर काम झकास होतं, टोकसुद्धा साफ येतं. पण तीच फळी लांबीत उभी कापायला घेतली की हाल होतात. दीड फूट कापायला अर्धा तास लागला, पातं गरम झालं, दोनदा अडकलं आणि चीर रेषेपासून बोटभर बाजूला गेली. टेबलाच्या चौकटीसाठी तीन फूट लांबीच्या चार पट्ट्या काढायच्या आहेत. अशानं कसं होणार?

काल माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली आजोबांची करवत सापडली. ते वखर-तिफणीची दुरुस्ती घरीच करायचे. पात्याला गंज आहे, लाकडी मुठीला तडा गेलाय, दात मोठे मोठे आहेत आणि बोटाला लागत नाहीत इतके बोथट झालेत. ही कामाची आहे का? की नवी महागातली घ्यावी? एक मित्र म्हणतो जपानी करवत घे, दुसरा म्हणतो सरळ मशीन घे. मशीन नको आहे, घर लहान आहे आणि मुलं पायात असतात.

चोपड्याचा सुतार

गुरुजी, पैसे खर्चायच्या आधी एक काम करा. दोन्ही करवतींवर फूटपट्टी धरा. शून्याच्या रेषेवर एका दाताचं टोक ठेवा आणि एका इंचात किती टोकं येतात ते मोजा, पहिलं आणि शेवटचं दोन्ही धरून. मग दात बाजूनं बघा, पुढची कड सरळ उभी आहे की मागे कललेली. आणि वरून बघा, दाताची कड पटाशीसारखी सपाट आहे की चाकूसारखी तिरपी. हे तिन्ही सांगा, मग बोलू.

पारोळेकर गुरुजी

मोजलं. नवीच्या इंचात ८ टोकं, दात तिरपे, टोकदार, बोटाला टोचतात. आजोबांचीच्या इंचात ५ टोकं. पुढची कड जवळजवळ सरळ उभी, वरून सपाट, लहान लहान पायऱ्यांसारखी दिसते. दात मात्र सारखे नाहीत, मधले झिजून खाली बसलेत. पातं २६ इंच.

चोपड्याचा सुतार

मग तुमच्या घरात दोन्ही करवती आहेत गुरुजी. नवी आडव्या कापाची आहे आणि आजोबांची उभ्या कापाची. तुम्ही आडव्या कापाच्या करवतीनं उभं कापत होतात, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

लाकूड म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्यांची घट्ट बांधलेली मोळी समजा. मोळी आडवी तोडायची तर प्रत्येक काडीवर सुरी फिरली पाहिजे, नाहीतर काड्या पिंजतात. म्हणून आडव्या कापाच्या करवतीचा प्रत्येक दात चाकूसारखा तिरपा घासलेला असतो. एक दात डावीकडून तंतू चिरतो, पुढचा उजवीकडून, आणि मधला भुसा बाहेर पडतो. उभं कापताना तंतू चिरायचे नसतातच. त्यांची टोकं समोर येतात, ती पटाशीनं सोलल्यासारखी उचलून बाहेर काढायची असतात. त्या कामाला सरळ, सपाट दात लागतो. चाकूनं काडी लांबीत सोलायला गेलात तर चाकू काडीच्या मागेमागे जातो. तुमची चीर रेषेबाहेर गेली ती अशीच.

दुसरी गोष्ट दातांच्या संख्येची. उभ्या कापात भुसा लांब आणि भरपूर निघतो. तो चिरेतून बाहेर येईपर्यंत दोन दातांमधल्या खोबणीत मावला पाहिजे. दात बारीक असले की खोबणी भरते, मग दात लाकडाला टेकतच नाहीत, नुसते भुशावर घासतात आणि पातं तापतं. म्हणून उभ्या कापाला इंचात ५ ते ७ टोकं, आडव्याला ८ ते १२. सांध्यांसाठी, म्हणजे एका लाकडाचं कुसू (जीभ) दुसऱ्याच्या खाचेत बसवायला, पाठीवर पितळी किंवा लोखंडी पट्टी असलेली छोटी करवत मिळते, तिला १२ ते १४ टोकं असतात. पट्टीमुळे पातळ पातं वाकत नाही, पण पट्टीपर्यंतच खोल जाते, फळी कापायला ती कामाची नाही. घरच्या कामाला या तीन करवती पुष्कळ झाल्या. तुमच्याकडे दोन आहेत, तिसरी टेबलाचे सांधे करायच्या वेळी घ्या.

आता अडकण्याचं. करवतीचे दात एक सोडून एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं मोकळं फिरतं. सुक्या, टणक लाकडाला हा वाक कमी लागतो, ओल्याला जास्त, कारण ओलं लाकूड फुगलेलं असतं, त्याचे तंतू पात्याला दाबतात.

हे मला माझ्या वडिलांकडून फार वाईट पद्धतीनं कळलं. आमचं बैलगाडीचं काम. चाकाचा मधला तुंबा, आरे, कडेचे पाटे सगळं बाभळीचं. मी १९ वर्षांचा होतो, घाईचं काम होतं, आणि पाट्यासाठी नुकती तोडलेली ओली बाभूळ समोर आली. मी सुक्या लाकडाची करवत तशीच घातली. चार बोटं आत गेली आणि घट्ट बसली. मी दोन्ही हातांनी रेटली. पातं मध्यावर वाकलं आणि त्याला घडी पडली. वडील ओट्यावरून उठून आले, करवत हातात घेऊन उन्हाकडे धरून बघितली आणि एवढंच म्हणाले, "जोर नको लावू पोऱ्या, करवतले तिनं काम करू दे." ती करवत त्यांच्या वडिलांची होती. पुढं ठोकून सरळ केली, पण घडीच्या जागी ती कायम थोडी ओढायची. अजून माझ्याकडे आहे, वापरत नाही.

तर गुरुजी, आजोबांची करवत उन्हाकडे तोंड करून मुठीकडून टोकाकडे एका डोळ्यानं बघा. पातं दोरीसारखं सरळ दिसलं पाहिजे. मग टोक धरून हलकेच कमान करा आणि सोडा. पुन्हा सरळ झाली तर पोलाद जिवंत आहे. वरवरच्या गंजाला घाबरू नका, पण दातांच्या मुळाशी खोल खड्डे असले तर तिथे दात तुटतील. हे सगळं ठीक निघालं तर नवी करवत घेऊच नका. तिला कानस लावा, म्हणजे दात घासून धार काढा.

कानस कशी लावायची ते सविस्तर सांगतो, कारण करवत निवडताना हेच कुणी सांगत नाही.

करवत दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून शिकंजात आवळा, दात पट्ट्यांच्या वर जेमतेम पाव इंच राहतील असे. जास्त वर ठेवलेत तर पातं थरथरतं, किंचाळतं आणि कानस उड्या मारते. आधी सपाट कानस दातांच्या टोकांवरून लांबीत फिरवा, अगदी सपाट धरून. एकदा, दोनदा. आता दातांकडे बघा. उंच दातांच्या टोकाला बारीक चमकणारा ठिपका पडलेला दिसेल, खाली बसलेल्या दातांना पडणार नाही. सगळ्यात खालच्या दाताला ठिपका येईपर्यंत फिरवायची. म्हणजे सगळे दात एका उंचीला आले.

मग तिकोनी कानस घ्या. उभ्या कापाच्या करवतीला ती पात्याला बरोबर काटकोनात धरायची, आडवी नेऊन पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची. एक खोबण, तीन-चार हात. नजर ठिपक्यावर ठेवा. चमकणारा ठिपका नाहीसा झाला त्या क्षणी थांबा. एक हात जास्त मारलात तर तो दात पुन्हा खाली जातो आणि सगळी मेहनत फुकट. एक खोबण सोडून एक घासा, टोकापर्यंत गेलात की करवत फिरवा आणि उरलेल्या दुसऱ्या बाजूनं घासा. सगळे एकाच बाजूनं घासले तर कानशीनं उठलेली बारीक कोर एका बाजूला राहते आणि करवत तिकडे ओढते.

तुमच्या करवतीला १०० च्या वर दात आहेत. पहिल्यांदा एक संध्याकाळ जाईल. दहाव्यांदा वीस मिनिटं लागतील.

दातांचा वाक आत्ता असेल तसाच ठेवा, कापून बघा. अडकली तरच वाकवायचे, आणि ते घासण्याच्या आधी. दाताचा वरचा अर्धा भागच वाकवतात, मुळापासून वाकवला तर तुटतो. आमचे वडील खाच पाडलेल्या लोखंडी पट्टीनं वाकवायचे, आता पकड मिळते.

शहादा फर्निचर

सुतार नानांचं सगळं पटलं, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. मी रोज साइटवर काम करतो, प्लाय आणि बोर्ड जास्त. प्लायमधला गोंद आणि सागातलं वाळूसारखं सिलिका दोन्ही दातांची धार खातात. नानांसारखं कानस लावत बसलो तर माझा दिवस जाईल. निळ्या टोकांच्या करवतीचे दात वीज देऊन कडक केलेले असतात, नुसती टोकंच. त्यामुळे पातं लवचीक राहतं आणि धार फार दिवस टिकते. गेली की करवत बदलायची. कानस तिच्यावर घसरते, प्रयत्न करू नका, कानशीचेच दात जातील.

जपानी करवतीबद्दल गुरुजींनी विचारलंय म्हणून सांगतो. मी चार वर्षं वापरतोय. ती ओढताना कापते. पातं ओढलं की ताणून सरळ होतं, म्हणून फार पातळ ठेवता येतं. ढकलायच्या करवतीला वाकू नये म्हणून जाडी लागते. पाठपट्टीच्या जपानी करवतीचं पातं साधारण ०.३ मिलिमीटर असतं. चीर इतकी बारीक पडते की सांधा थेट बसतो. दोन्ही बाजूंना दात असलेलीही मिळते, एका बाजूला उभे, दुसऱ्या बाजूला आडव्या कापाचे. तिला र्योबा म्हणतात.

पण तिचे दात लांब आणि नाजूक. माझी पहिली बाभळीच्या गाठीत घातली आणि एका झटक्यात चार दात गेले. त्या करवती मुळात जपानमधल्या मऊ, सरळ लाकडांसाठी घडल्या. आपल्या बाभूळ, शिसम, जुन्या सागाला जपून वापराव्या लागतात. कडुनिंबाचे तंतूही आलटून पालटून तिरपे जातात. सव्वा इंच फळी तीन फूट उभी कापायला मी जपानी सुचवणार नाही. टेबलाच्या सांध्यांना मात्र नक्की घ्या.

चोपड्याचा सुतार

भाऊ, साइटच्या कामाला तुमचं बरोबर आहे. प्लायला मीही कडक दातांचीच करवत वापरतो. माझं म्हणणं शिकणाऱ्यासाठी आहे. जो स्वतः दात घासतो त्याला दात कसा कापतो ते हाताला कळतं, आणि मग कुठलीही करवत निवडायला त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

ओढायच्या करवतीचं म्हणाल तर ती आपल्याला परकी नाही. माझ्या आजोबांकडे एक छोटी होती, ते जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून, स्वतःकडे ओढत कापायचे. बसून काम करणाऱ्याला ओढणं सोपं पडतं. उभं राहून कापणाऱ्याला अंगाचा भार ढकलण्यात मिळतो. गुरुजी, तुम्ही कसं बसता-उभं राहता त्यावरही करवत ठरते हे लक्षात ठेवा.

पुढं कधी दुकानात जाऊन घेतलीत तर मूठ धरून बघा. तीन बोटं आत, पहिलं बोट पात्याच्या दिशेनं सरळ बाहेर. पंजा दाबला गेला किंवा सैल राहिला तर ती करवत तुमची नाही. मूठ स्क्रूनं बसवलेली घ्या, रिव्हेटची नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लाकडी मूठ सुकते आणि हलायला लागते. स्क्रू असला तर आवळता येतो.

भुसावळ लोको निवृत्त

मी फिटर होतो, सुतार नाही, पण गंज आणि कानस हा माझा प्रांत आहे.

गंज काढायला ग्राइंडर लावू नका. पातं तापून निळं पडलं की पोलादाचा कडकपणा गेला, तो परत येत नाही. रॉकेल किंवा डिझेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून पात्याच्या लांबीत घासा. ठोकळ्याशिवाय बोटांनी घासलं तर दातांवरून हात जातो. शेवटी कोरडं पुसून तेलाचा हात द्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी.

कानस दाताच्या मापाची घ्या. तिकोनी कानशीची एक बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त रुंद हवी, म्हणजे तिन्ही कडा आळीपाळीनं वापरता येतात. ५ टोकांच्या करवतीला ७ इंची कानस चालेल. आणि कानशीला लाकडी मूठ बसवल्याशिवाय हात लावू नका. उघडं शेपूट तळहातात घुसलेला माणूस मी दवाखान्यात नेलेला आहे.

पारोळेकर गुरुजी

नाना, भाऊ, काका, तिघांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

पातं सरळ निघालं. गंजाखाली मुठीजवळ एक छोटं पितळी बटण आणि पुसट अक्षरं दिसली, वाचता येत नाहीत. मुठीच्या तड्यात सरस भरून दोरीनं दोन दिवस आवळून ठेवली. शिकंजा नव्हता, म्हणून बाजेच्या दोन पायांमध्ये पट्ट्या बांधून पाचर ठोकली.

सपाट कानस सहा वेळा फिरवावी लागली तेव्हा मधल्या दातांना ठिपका आला. मग रात्री दिव्याखाली घासायला बसलो. मला चष्मा लागतो, ठिपका गेला की नाही नीट दिसेना. मुलगी शेजारी येऊन बसली. ती पात्यावर वाकून बघायची आणि "बाबा, अजून चमकतोय", "गेला, गेला, थांबा" असं सांगायची. दोन रात्री लागल्या. शेवटचे वीसेक दात तिनंच मोजून घेतले.

रविवारी फळी बाजेवर आडवी टाकून गुडघ्यानं दाबली. अंगठ्याच्या पेराला पातं टेकवून दोन-तीनदा उलटं ओढून खाच पाडली, मग करवत जरा उभी धरून ढकलायला लागलो. भुसा भुकटीसारखा नाही, शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखा पडायला लागला. तीन फूट पट्टी १४ मिनिटांत निघाली, आणि रेषेच्या बाहेर कुठेही सुताभरापेक्षा (इंचाच्या आठव्या भागापेक्षा) जास्त गेली नाही. दोन फुटांनंतर चीर मिटायला लागली तेव्हा मागे बांबूची पाचर घातली. भुसा कडू आहे, घसा धरतो, नाकाला रुमाल बांधूनच कापा म्हणजे.

एक शंका आहे. चारपैकी तिसरी पट्टी कापताना करवत डावीकडे ओढायला लागली. रेषा धरायला मनगट मुरडावं लागतंय. दात तर एक सोडून एक दोन्हीकडून घासले होते.

चोपड्याचा सुतार

डाव्या बाजूच्या दातांचा वाक उजव्यापेक्षा जास्त आहे, करवत नेहमी जास्त वाकाकडे जाते. करवत सपाट टेबलावर उजव्या अंगावर झोपवा, म्हणजे डाव्या बाजूचे दात वर येतील. धारेचा बारीक दगड त्या दातांवरून मुठीकडून टोकाकडे एकदाच, अगदी हलक्या हातानं फिरवा. चार इंच कापून बघा. अजून ओढली तर पुन्हा एकदा. एका वेळी एकच हात, दगडानं जास्त वाक घेतला तर दात पुन्हा वाकवून घासावे लागतील.

आणि अक्षरं वाचता येत नाहीत म्हणता, तर पात्यावर लिंबू चोळून तिरप्या उन्हात धरा. घासू नका तिथं, आणि अक्षरं वाचून झाली की लगेच धुऊन तेल लावा. कधी चोपड्याकडे आलात तर ती करवत सोबत घेऊन या, मला बघायची आहे.